स्पितीची दैनंदिनी (भाग 3) : खोकत की झटक्यात?

दिवस सहावा : नाको ते काझा

नाकोला रात्रभर वारं पिसाळलं होतं. सकाळी पाहतो तर टाकीवरची बॅग एका अंगाला कललेली. पट्टे हँडलच्या बुंध्याशी करकचून आवळले, कॅनमधलं चार लिटर पेट्रोल टाकीत ओतलं आणि उताराला लागलो. मेहुणा मागून त्याच्या गाडीवर.

चांगो मागे पडलं आणि माझी गाडी खोकू लागली. अ‍ॅक्सिलरेटर पिळावा तसे गचके वाढले आणि शेवटी बंद. गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, त्यामुळे संशय सरळ कॅनमधल्या पेट्रोलवर. हत्यारं टाकीवरच्याच बॅगेत. बॅग उतरवली, पाना काढला, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तळहातावर घेतलं. ना पाणी, ना कचरा. स्क्रू आवळून किक मारली तर पहिल्याच किकला चालू!

‘दाजी, तुमच्या हाताला गुण आहे,’ मेहुणा म्हणाला. मी नाही म्हटलं नाही.

ताबोच्या अलीकडे पुन्हा तेच. पुन्हा बॅग, पुन्हा पाना, पुन्हा यश. ताबोचा मठ 996 सालचा, मातीचा, एक हजार वर्षांहून जास्त काळ उभा. माझं यश 50 किलोमीटरही टिकलं नव्हतं.

दिवस सातवा : काझा

सकाळी पंपावर टाकी फुल्ल केली आणि मेकॅनिककडे गेलो. मी त्याला विरळ हवा, काळवंडणारा प्लग, भेसळ असं सगळं ऐकवलं. तो शांतपणे चहा पीत होता. कप खाली ठेवून त्याने एकच विचारलं, ‘मरी कैसे? झटके से, या खाँस के?’

नंतर फिल्टर झटकता झटकता त्याने फोड करून सांगितलं. किल्ली फिरवल्यासारखी झटक्यात बंद पडली तर वीज तपासायची : बॅटरीचं टर्मिनल, किल स्विच, स्टँडचा स्विच, हँडल वळताना ताणली जाणारी वायर. खोकत, गचके खात गेली तर पेट्रोल : नळी, जाळी, जेट. इंजिन शेवटच्या दोन सेकंदांत आपला आजार सांगून जातं, आपण तेव्हा शिव्या देत असतो.

माझी खोकत गेली होती. पण प्लग काजळलेला दिसला आणि मला तेवढंच पुरलं. प्लग घासला, फिल्टर साफ केला. गाडी हलकी राहावी म्हणून सगळं सामान खोलीवर ठेवून हिक्कीमला चाचणी घ्यायला गेलो. चढ-उतार दोन्हींत एक गचका नाही. तिथल्या पोस्टातून बायकोला कार्ड टाकलं : ‘गाडी बरी झाली.’

दिवस आठवा : काझा ते बातल

लोसरपर्यंत मजेत. कुंझुम खिंडीत, 4,551 मीटरवर, रिवाजाप्रमाणे देवीच्या मंदिराला गाडीवरूनच प्रदक्षिणा घातली. पेट्रोल किती उरलंय बघायला टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्सकन वाफ तोंडावर आली. उंचीवर होतं असं, म्हणून झाकण लावून टाकलं.

बातलच्या वरच्या वळणांवर गाडी खोकली आणि गेली. मी बॅगेच्या पट्ट्याला हात घातला, तोच मेहुणा ओरडला, ‘दाजी, बॅगेला हात लावू नका! परवा दोन्ही वेळा बघितलं मी. बॅग उतरली की गाडी बरी होते. पाना नुसता मान घेतो.’

बॅग तशीच ठेवून त्याने झाकण सैल केलं. सूंऽऽ करून हवा आत गेली. जरा थांबून किक मारली. चालू!

झाकणातून निघणारी रबरी नळी हँडलच्या बुंध्यात जाते, टाकी तिच्यातून श्वास घेते. माझ्या पट्ट्याखाली तिची चपाती झाली होती. पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये उतरतं ते टाकीतल्या वीतभर उंचीच्या जोरावर. जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरून आत आली नाही तर तो जोर संपतो. त्यात आम्ही उतरत होतो. कुंझुमवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण 57 टक्के, बातलला 61च्या आसपास. मी खिंडीत झाकण लावलं तेव्हा तिथली विरळ हवाच डब्यात बंद केली. खाली बाहेरचा दाब वाढत गेला, आतला तसाच राहिला. वाढलेला दाब वाटीतल्या पेट्रोलवर, म्हणजे खालून रेटा. चढताना उलटं, म्हणून ती फुस्स. आणि काझ्यातली चाचणी? आरोपीला खोलीवर ठेवून मी साक्ष घेतली होती.

रात्री नळीत संपलेल्या रिफिलचा इंचभर तुकडा सरकवला. आता पट्टा कितीही आवळा, श्वास कोंडणार नाही.

दिवस नववा : बातल ते मनाली

छतरूपर्यंत रस्ता म्हणजे गोटे आणि नाले, बाजूला चंद्रा नदी. तिसऱ्या नाल्यातून बाहेर पडताना गाडी बंद. हात सवयीने पट्ट्याकडे गेला आणि थांबला. मरी कैसे? झटक्यात. किल्ली काढल्यासारखी. दिवे मात्र चालू. म्हणजे बॅटरी जागी आहे. न्यूट्रलमध्ये किक मारली तर चालू, गिअर टाकला की ठप्प. खाली वाकलो. साइड स्टँड वरच होता, पण त्याच्या स्विचमध्ये चिखल आणि एक बारीक खडा अडकला होता. गाडीच्या समजुतीने स्टँड खालीच. बाटलीभर पाणी ओतलं, खडा निघाला. पाच मिनिटं, आणि पाना एकही नाही.

ग्राम्फूहून कोकसर आणि मग अटल बोगदा : नऊ किलोमीटर, दोन्ही गाड्यांचे आवाज भिंतींवरून परत येत होते. मी आवाजच ऐकत राहिलो. खोकला नव्हता.

मनालीतून घरी फोन केला. हिक्कीमचं कार्ड अर्थातच पोचलेलं नाही. बरं झालं. लिहिलं तेव्हा ते खोटं होतं, पोचेल तेव्हा खरं असेल.

(क्रमशः)