तिसऱ्या बंदुकीला जागा नाही

२०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. दाजींकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांकडे, मुळात दोनच होत्या, म्हणून तेव्हा काही अडलं नाही. एक त्यांच्या वडिलांची दुनळी, बेळगावच्या घरातून आलेली. दुसरी अमेरिकन बनावटीची बारा बोअरची पंप गन. ती त्यांना ऐंशीच्या दशकात बेंगळुरूतल्या एका अँग्लो-इंडियन गृहस्थांनी ऑस्ट्रेलियाला जाण्याआधी रीतसर नावावर करून दिली होती. देशात बाहेरच्या बंदुकांची आयात त्याच सुमारास बंद होत आली, आणि मग असल्या बंदुकांना भाव आणि मान दोन्ही चढले.

सकलेशपूरजवळच्या कॉफीच्या मळ्यावर ही पंप ऐन वेळी अडकली. खालच्या भातात रानडुकरं उतरली होती. दाजींनी हवेत बार काढला, पंप मागे ओढला, पण रिकामं काडतूस बाहेर पडलंच नाही. ते नळीच्या मागच्या चेंबरमध्ये चिकटून राहिलं. अंधार, पाऊस आणि हातात बंद पडलेली बंदूक. त्या पट्ट्यात हत्तींचा वावर किती आहे हे हासन जिल्ह्यात कुणालाही विचारा.

नवी घ्यायची तर जुनी द्यावी लागणार. वडिलांची दुनळी देण्याचा प्रश्नच नव्हता. दाजी मराठा लाइट इन्फन्ट्रीत आयुष्य काढलेले, हत्याराबद्दल त्यांना मी काय सांगणार! पण तेच म्हणाले, "अगं, तू जन्मभर मापं घेतलीस. माझा जीव जुन्यात अडकलाय, मला नीट दिसायचं नाही. तू बघ आणि सांग."

मी बेंगळुरूत जालहळ्ळीच्या एचएमटीत तपासणी विभागात नोकरी केली. यंत्राचा सुटा भाग टेबलावर आला की तो कुणी बनवला, कधी बनवला हे आम्ही विचारत नसू. नकाशावरचं माप, त्याला दिलेली सूट आणि हातातला भाग, एवढंच. बंदुकीकडेही मी तसंच पाहिलं.

पंप गनचं काम सांगायला सोपं आहे. नळीखाली दुसरी एक नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक भरलेली. पुढची मूठ मागे ओढली की हुक रिकाम्या काडतुसाची कड धरून त्याला बाहेर काढतो, घोडा चढतो आणि नवं काडतूस वर उचललं जातं. मूठ पुढे नेली की ते चेंबरमध्ये बसतं आणि मागचं दार कुलूपबंद होतं. सगळी शक्ती माणसाच्या हाताची. त्यामुळे काडतूस थोडं कमीजास्त जोराचं असलं तरी ही बंदूक कुरकुरत नाही, आणि तिच्या विश्वासूपणाची ख्याती त्यातूनच आली.

जुन्या पंप गनची कीर्ती खोटी नाही. जॉन ब्राउनिंगच्या रचनेवरची विंचेस्टर १८९७ आणि तिच्यामागून १९१२ साली आलेली मॉडेल १२, या दोन बंदुकांनी हा प्रकार जगभर रूढ केला. मॉडेल १२ चा सांगाडा घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढत, आणि जोडणीला कसबी हात लागत. तो खर्च परवडेना, म्हणून १९६४ च्या सुमारास कंपनीने तिचं नेहमीचं उत्पादन थांबवलं. आजही अमेरिकेत '६४ च्या आधीची' म्हटलं की किंमत वाढते. रेमिंग्टनची ८७० आली १९५० साली, आणि एक कोटीहून जास्त खपली. पुढे कंपनी गुंतवणूकदारांच्या हातात गेली. त्या काळातल्या तिच्या स्वस्त आवृत्तीचं चेंबर खडबडीत निघतं, तिला गंज लवकर चढतो, अशा तक्रारी तिकडच्या शिकाऱ्यांनी भरपूर केल्या. २०१८ आणि पुन्हा २०२० साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुनं चांगलं आणि नवं वाईट हे मत काही हवेतून आलेलं नाही.

तरी त्यातली एक गोष्ट मला पटत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या ज्या बंदुका आज आपल्यासमोर येतात त्या टिकलेल्या बंदुका आहेत. ज्यांची नळी फुगली, ज्यांचा सांगाडा तडकला, त्या केव्हाच भंगारात गेल्या. उरलेल्या बघून 'तेव्हाचं सगळंच चोख होतं' म्हणणं तपासणीच्या टेबलावर चालणार नाही. नाकारलेला मालही मोजावा लागतो.

दाजी मला बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या बाजूला एका मिस्त्रींकडे घेऊन गेले. परवानाधारक सोबत असेल तर दुरुस्तीसाठी दुसऱ्याने बंदूक हाती घेतलेली कायद्याला चालते, म्हणून दाजी सतत माझ्या कोपराशी उभे. मिस्त्रींनी दुकानातली दखनी बोलत बंदूक माझ्यासमोर ठेवली. "बाहर से क्या देखते मॅडम, अंदर की चाल देखो." त्यांनी आधी नळी, चेंबर आणि खालची नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री केली. मग बिनदारूची नकली काडतुसं भरली आणि मूठ आधी अगदी सावकाश मागे-पुढे केली, मग झटक्यात. सावकाश ओढताना हुक काडतुसाची कड शेवटपर्यंत धरून राहतो का ते दिसतं. झटक्यात ओढताना खालच्या नळीतून दोन काडतुसं एकदम येतात का ते कळतं. ती अडवणारी छोटी पट्टी झिजली की बंदूक कायमची बेभरवशाची होते, आणि ही झीज बाहेरून अजिबात दिसत नाही.

पट्टी ठीक होती. हुक नव्हता. त्याची धार गोल झाली होती, आणि मिस्त्रींनी भिंगाखाली धरून दाखवलं तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. "ये असली नहीं मॅडम, कोई हात से घिस के लगाया."

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. दाजी ज्या अमेरिकन पोलादाची थोरवी गात होते ते सांगाड्यात होतं, आणि सांगाडा खरोखर निर्दोष होता. पण काडतूस ओढण्याचं काम करत होता कुण्या अनोळखी हाताने, कसल्यातरी पत्र्यातून घासलेला एक तुकडा. जुनी बंदूक म्हणजे तिच्या जन्माचा कारखाना आणि नंतरचे सगळे मिस्त्री. मूळ हुक मिळेल का? इथे तर नाहीच.

चेंबरची लांबी मी मोजली. जुन्या बंदुकीत ही तपासणी टाळूच नये. बारा बोअरची काडतुसं आपल्याकडे ६५ आणि ७० मिलिमीटर अशा दोन लांब्यांची मिळतात. पुण्याच्या खडकी कारखान्याची काडतुसं तर पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वापरलेली. लोकांना माहीत नसतं ते असं की ही लांबी तोंड उघडलेल्या, म्हणजे उडालेल्या काडतुसाची असते. ७० चं भरलेलं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं. उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. जुन्या इंग्रजी दुनळ्यांचे चेंबर बहुधा ६५ चे. दाजींची पंप ७० ची निघाली, पण वडिलांची दुनळी ६५ ची होती आणि दोन्हींची काडतुसं मळ्यावर एकाच डब्यात होती! तो डबा मी त्याच दिवशी वेगळा करायला लावला.

चेंबरमध्ये गंजाचे खड्डे होते. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात, आणि मलनाडच्या दमट हवेत पोत्यात गुंडाळून आठवडेच्या आठवडे पडलेल्या बंदुकीचं काय होतं ते त्या चेंबरवर लिहिलेलं होतं. बार उडताना काडतुसाचं टरफल फुगतं आणि त्या खड्ड्यांत रुतून बसतं. मग झिजलेला हुक कडेवरून निसटतो. पावसातल्या त्या रात्रीचा उलगडा इथे झाला.

नवी पंप बघायला लांब जावं लागलं नाही. आमच्या सोसायटीत कोडगूचे, कोडव समाजातले एक निवृत्त कर्नल राहतात. त्यांच्याकडे देशातच बनलेली नवी पंप होती. कोडवांच्या घरात बंदुकीला देव्हाऱ्याइतकाच मान. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोद येतो, तेव्हा हत्यारांची पूजा होते आणि नळीच्या टोकाला कळलावीचं फूल खोवतात. मूल जन्मलं की एक बार, माणूस गेला की दोन. कोडवांना आणि तिथल्या जम्मा नावाच्या वंशपरंपरागत जमिनींच्या धारकांना परवान्यातून सूट आहे ती ब्रिटिशांच्या काळापासूनची, आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. अशा घरातला माणूस नवी बंदूक उगाच घेत नाही, म्हणून त्यांच्या मताला मी वजन दिलं.

परवानगी काढून आम्ही तिघं रेंजवर गेलो. गोळीबार ज्याच्या त्याच्या बंदुकीने ज्याने त्याने केला. मी मागे वही घेऊन. काडतुसं एकाच पेटीतली, एकाच तारखेची; ती वेगळी असती तर तुलनेला अर्थ उरला नसता.

जुनी पंप हातात लोण्यासारखी फिरत होती. कर्नलसाहेबांची नवी करकरत होती, मूठ ओढायला जोर लागत होता. पण नळी तापत गेली तशी जुनीतली टरफलं चिकटू लागली, आणि नवीतली शेवटपर्यंत लांब उडत राहिली. नवी एकदा अडकली ती दाजींच्याच सूचनेवरून, मूठ मुद्दाम अर्ध्यातून पुढे नेली तेव्हा. मूठ पुरती मागे न ओढणं हे पंप गन अडकण्याचं फार मोठं कारण आहे, आणि त्यात बंदुकीचा दोष काहीच नसतो. हातातली मऊ चाल म्हणजे भरवसा नव्हे. झिजलेली वस्तू मऊच चालते.

एवढ्यावरून 'नवी घ्या' म्हणून मी मोकळी झाले नाही. कर्नलसाहेबांची बंदूक चांगली निघाली, म्हणजे तोच एक नग चांगला निघाला. विक्रेत्याकडे त्याच प्रकारच्या बंदुका पाहिल्या तेव्हा नगानगांत फरक होता. एकीच्या चेंबरवर कापणीच्या रेषा नखाला लागत होत्या. दुसरीच्या काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीची कड कानशीही न लावता सोडलेली. तिसरी स्वच्छ होती. मला वाटतं, नव्याची खरी अडचण हीच. पूर्वी कारागीर प्रत्येक जोडणी हाताने बसवायचा, त्यामुळे चूक तिथेच पकडली जायची. आता भाग सरळ एकत्र येतात, आणि शेवटची तपासणी ढिली असेल तर ती करण्याची पाळी गिऱ्हाइकावर येते. मात्र नव्यातला खडबडीतपणा दाखवता येतो, बदलून मागता येतो, चेंबर घासून गुळगुळीतही करता येतं. जुन्यातली झीज एकाच दिशेने जाते.

आणखी एक गोष्ट मी दाजींपुढे आग्रहाने मांडली. विंचेस्टर १८९७, मॉडेल १२ किंवा जुनी इथाका ३७ यांसारख्या बंदुकांत चाप दाबलेला ठेवून मूठ पुढे नेली की बार आपोआप उडतो. चाप सोडून पुन्हा दाबल्याशिवाय घोडा पडणार नाही, अशी योजना त्यांच्यात नाही. दाजींची बंदूक त्याच पिढीतली, आणि नकली काडतुसावर तपासलं तर तीही तशीच वागली. जुने सैनिक याला गुण म्हणतील. पण सत्तरी ओलांडलेला माणूस, रात्रीची वेळ, थंडीने आखडलेलं बोट आणि शेजारी दिवा धरलेला मळ्यावरचा पोरगा, हे चित्र डोळ्यांसमोर असताना मी त्याला गुण म्हणू शकत नाही.

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हुक नवा करून घेतला तर?"

"हुक होईल दाजी. चेंबरमधले खड्डे घासले तर चेंबर सैल होईल. आणि चापाचं काय?"

त्यांनी अर्ज केला. जुनी पंप रीतसर विक्रेत्याकडे जमा झाली, परवान्यावर नोंद झाली आणि मगच नवी आली. मी निवडलेला तोच स्वच्छ नग, त्याच्या क्रमांकासकट बाजूला ठेवायला लावलेला. ती लगेच मळ्यावर नेऊ दिली नाही. कारखान्याचं जाड वंगण पुसून, हलकं तेल देऊन, रेंजवर नेहमीच्याच काडतुसांनी आधी चालवली. सुरुवातीची करकर तिथेच कमी झाली. चेंबरचा व्यास, हुकाच्या धारेची उंची, बंद दारामागची फट आणि मुठीच्या दोन्ही दांड्यांची ढिलाई मी वहीत लिहून ठेवली आहे. पावसाळा सरला की दाजी तिला बेंगळुरूला घेऊन येतील, आणि हेच आकडे मोजमापाच्या त्याच हत्यारांनी पुन्हा घ्यायचे आहेत.