रबराचें वय

जुनें यंत्र दुरुस्त करणें म्हणजे लोखंडाशीं झुंजणें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जुन्या मोटारसायकलीवर हाताची खरी परीक्षा होते ती रबरापाशीं. लोखंड वापरल्यानें झिजतें. रबर नुसतें पडून राहिलें तरी म्हातारें होतें. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यानें गंधक व उष्णता यांच्या योगानें रबरास टिकाऊपणा आणला. गंधकामुळें रबराच्या लांब साखळ्या एकमेकींस बांधल्या जातात, म्हणून तें ताणलें तरी पूर्ववत् होतें. परंतु हवेंतील प्राणवायु व ओझोन, ऊन आणि उष्णता यांनीं तें वर्षानुवर्षें ताठर होतें व भेगाळतें. खनिज तेल लागल्यास फुगतें.

आमच्या घरीं थोरल्या बंधूंची १९६८ सालची जावा आहे. म्हैसूरच्या कारखान्यांत ही गाडी १९६१ पासून तयार होऊं लागली. तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. बंधूंना जाऊन सहा वर्षें झालीं. यंदा पुतण्यानें ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचें मनावर घेतलें, आणि रबरें बदलण्याचें काम माझ्याकडे आलें.

या कामांत बळाचा उपयोग नाहीं. रबराच्या कडेखालीं बोथट लाकडी काडी सारावी, साबणाचें पाणी आंत सोडावें आणि रबर पिळत पिळत बाहेर ओढावें. स्क्रू-ड्रायव्हर खुपसल्यास रबर फाटतें व खालच्या मुलाम्यावर ओरखडा उठतो. नवें रबर कांहीं मिनिटें ऊन पाण्यांत ठेविलें म्हणजे मऊ पडतें. मग साबणाच्या पाण्यावर तें एका दमांत बसवावें. ग्रीस किंवा रॉकेल लावूं नये. तें आंतच राहतें आणि रबर हातांत फिरूं लागतें. साबणाचें पाणी वाळून जातें. तोंवर एक दिवस गाडी काढूं नये. उजवी मूठ फिरत्या नळीवर बसते, म्हणून तिच्या रबराचें भोंक डाव्याहून मोठें असतें. तें बसविल्यावर मूठ सोडतांच आपोआप मागें फिरते कीं नाहीं, हें अवश्य पाहावें.

आमचें काम त्या उजव्या मुठीपाशींच अडलें. रबर दगडासारखें झालें होतें, आणि बंधूंच्या तळहातानें त्यावर गुळगुळीत खळगा पडला होता. कापल्यावांचून तें निघण्यासारखें नव्हतें. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तेवढें एक राहूं द्या ना."

मीं पुतण्यास ओल्या हातानें मूठ पिळावयास सांगितलें. हात घसरला, मूठ जागची हलली नाहीं. वहिनींनीं तें पाहिलें. कांहीं वेळानें त्या म्हणाल्या, "कापा. पावसांत त्याचा हात सुटायला नको."

संस्कृत व्याकरणांत एका वर्णाच्या जागीं दुसरा येतो त्यास आदेश म्हणतात, आणि कांहीं अपवाद सोडल्यास मूळच्याचे धर्म त्या नव्याकडे येतात. चाळीस वर्षें तें व्याकरण वाचतांना मला तो केवळ सोयीचा नियम वाटे. त्या दिवशीं नवें रबर बसवितांना तो मनांत आला, एवढें खरें.

कापलेलें रबर वहिनींनीं धुऊन बंधूंच्या चष्म्याशेजारीं कपाटांत ठेविलें आहे. ज्यांच्या पडवींत अशी एखादी गाडी झांकून उभी असेल, त्यांनीं रंगाचा विचार करण्यापूर्वीं तिचीं रबरें एकदां दाबून पाहावींत.