एकाच हातचे दोन एल्गर

व्हायोलिन कन्चेर्टोचा, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेचा, खरा बहर कोणता, असं मला कुणी विचारलं, तर मी १८७८ ते १९१० ही तीसेक वर्षं सांगेन. चायकॉव्हस्कीचा कन्चेर्टो १८७८ मध्ये लिहून झाला. ब्राम्सचा १८७९ च्या पहिल्याच दिवशी लाइप्झिगला वाजला. सिबेलियसला तरुणपणी स्वतःलाच मोठा व्हायोलिनवादक व्हायचं होतं, ते जमलं नाही आणि त्याने १९०४-०५ मध्ये आपलं सगळं व्हायोलिनप्रेम एका कन्चेर्टोत ओतलं. मग १० नोव्हेंबर १९१० रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये फ्रिट्झ क्राइस्लरने एडवर्ड एल्गरचा कन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला. रोमँटिक परंपरेतलं हे अखेरचं मोठं पीक. मी इथे लिहिणार आहे ते यातल्या शेवटच्या कन्चेर्टोविषयी, आणि व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिनने त्याची जी दोन ध्वनिमुद्रणं केली त्यांच्याविषयी. पहिलं १९३२ चं, दुसरं १९६५ चं.

माझा हात हिंदुस्थानी आहे. बार्शीत मी व्हायोलिन शिकवतो आणि भगवंताच्या देवळात भजनाला साथ करतो. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, श्रीधर पार्सेकर आणि डी. के. दातार यांच्या वादनावर माझा कान घडला. आम्ही मांडी घालून बसतो, वाद्याचं एक टोक छातीशी आणि दुसरं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो. वाद्य पेलण्याची जबाबदारी डाव्या हातावर राहत नाही, म्हणून तो हात तारेवर वरखाली मोकळा फिरतो आणि गळ्यासारखी मींड निघते. पाश्चात्त्य वादक उभा राहून हनुवटी आणि खांदा यांच्यात वाद्य धरतो. त्याचा डावा हात एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेतो. ती उडी ऐकू येऊ द्यायची की लपवायची, यावर गेल्या शंभर वर्षांत तिकडची अभिरुची पार बदलली, आणि तो बदल ध्वनिमुद्रणांत नोंदला गेला आहे. कागदावरच्या स्वरलिपीत तो सापडत नाही. म्हणून हिंदुस्थानी व्हायोलिन शिकणाऱ्यानेही ही ध्वनिमुद्रणं कान देऊन ऐकावीत, असं मला मनापासून वाटतं.

१९३२ ची हकिकत आधी सांगतो. एचएमव्ही कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग हा या प्रकरणातला सूत्रधार. आपल्याकडे त्याचं नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९०२ साली कलकत्त्याला येऊन गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरवणारा गाइसबर्ग तो हाच. एल्गरचा कन्चेर्टो खुद्द एल्गरच्या निर्देशनाखाली ध्वनिमुद्रित व्हावा, ही त्याची धडपड होती. कन्चेर्टो क्राइस्लरला अर्पण केलेला, त्यामुळे साहजिकच त्याचा पहिला मान. पण क्राइस्लरचा योग काही जुळेना आणि एल्गरचं वय होत चाललं होतं. शेवटी गाइसबर्गने सोळा वर्षांच्या मेनुहिनला विचारलं. पियानोच्या साथीने तालीम ठरली. मेनुहिनने प्रवेश घेऊन थोडंसं वाजवलं असेल नसेल, एल्गरने त्याला थांबवलं, सगळं ठीक होईल म्हणून सांगितलं आणि तो घोड्यांच्या शर्यतीला निघून गेला. मेनुहिन पुढे आयुष्यभर हे सांगत असे. पंचाहत्तरीच्या संगीतकाराने पोराच्या पहिल्याच काही स्वरांत काय ओळखलं, ते ध्वनिमुद्रण ऐकल्यावर आपल्यालाही कळतं.

जुलै महिन्यात अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह ते ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा मेणाच्या तबकडीच्या एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आतबाहेरचंच संगीत मावायचं. जोडकाम करण्याची सोय नव्हती. चूक झाली की ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. आपल्या गवयांनी तीन मिनिटांत ख्याल बसवला, तसा इथे ५० मिनिटांचा कन्चेर्टो सहा तबकड्यांच्या बारा बाजूंवर चिरून बसवलेला आहे. आणि तरीही घाई कुठेच जाणवत नाही. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा बराच वेळ एकटाच वाजतो. मग व्हायोलिन येतं ते मंद्रात, जाड तारांवर, ऑर्केस्ट्राने अर्धवट ठेवलेलं वाक्य पुरं करत. मेनुहिन तिथे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना बोट उचलत नाही, घसीट घेतो. पण प्रत्येक वेळी नाही. जिथे सुरावटीला उसासा हवा तिथेच, आणि घसिटीचा वेगही दर वेळी निराळा. संथ चालीच्या दुसऱ्या भागात तर मागच्या ऑर्केस्ट्रातले व्हायोलिनवालेही तशीच घसीट घेतात. एल्गरला ते हवंच असावं, कारण समोर उभा राहून निर्देशन तोच करत होता.

हे सगळं त्या मुलाला सहज येत होतं, आणि तिथेच पुढच्या अडचणीचं मूळ होतं. मेनुहिन पलटे घोटून तयार झालेला नव्हता. लहानपणी बेल्जियमचा थोर वादक युजेन इझाय याच्यापुढे त्याने मोठी रचना धडाक्यात वाजवली, पण इझायने साधा चार सप्तकांचा आर्पेजिओ, म्हणजे एका स्वरसंघातले स्वर ओळीने, मागितला तेव्हा तो चाचपडला. विद्या आली होती, ती कशी आली हे माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केल्यावर अंग थकलं, हात आखडू लागला, गज तारेवर थरथरू लागला. जे नकळत येत होतं ते आता कळून घ्यावं लागणार होतं. माझ्या मते त्याच्या चरित्रातला सगळ्यात मोलाचा भाग इथून पुढचा आहे.

१९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून मेनुहिन भारतात आला, दुष्काळ निवारणासाठी त्याने कार्यक्रम केले. मुंबईत त्याची गाठ पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी पडली. भेट काही मिनिटांचीच ठरली होती. अय्यंगारांनी त्याला शवासनात निजवलं आणि थकलेला मेनुहिन तिथेच गाढ झोपला. पुढे तो त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेला, आणि १९५४ मध्ये त्याने त्यांना एक घड्याळ भेट दिलं. आपला सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक म्हणून त्यावर अय्यंगारांचं नाव कोरलेलं होतं. अय्यंगारांना व्हायोलिन वाजवता येत नव्हतं. पण खांद्याचं हाड, पाठीचा कणा आणि श्वास यांचा हिशेब त्यांना कळत होता, आणि गज चालवायला मुळात तेच लागतं. मनगट सैल हवं असेल तर खांदा आधी खाली यावा लागतो, हे मी मुलांना रोज सांगतो. मेनुहिनला ते चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यापासून शिकावं लागलं.

१९६५ मध्ये मेनुहिनने न्यू फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रासह हाच कन्चेर्टो पुन्हा ध्वनिमुद्रित केला. निर्देशक होते एड्रियन बोल्ट. गंमत अशी की १९३२ ला एल्गर पंचाहत्तर वर्षांचा होता आणि या वेळी बोल्टही पंचाहत्तरी ओलांडलेले. बदलला होता तो वादक. सोळाचा एकोणपन्नास झाला होता. अय्यंगारांचं ‘लाइट ऑन योगा’, म्हणजे आपली ‘योगदीपिका’, मेनुहिनच्या प्रस्तावनेसह १९६६ मध्ये बाहेर आलं, म्हणजे पाठोपाठच.

या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाला जाणकार सहसा दुय्यम मानतात. पहिल्या दोन भागांपुरतं मलाही ते मान्य आहे. गजाचा दाब एकसारखा राहत नाही, लांब स्वर मध्येच किंचित डगमगतो, द्रुत जागी बोटं पूर्वीसारखी चमकत नाहीत. ऑर्केस्ट्रातली घसीट जवळजवळ नाहीशी झाली आहे. युद्धानंतरच्या अभिरुचीला ती गोड, जुनाट वाटू लागली होती. मला ते नुकसान वाटतं. स्वर स्वच्छ झाले, पण दोन स्वरांमधली जागा रिकामी झाली. ती जागा रिकामी सोडायची नसते, हे आपल्या गुरूंनी पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं.

पण तिसऱ्या भागातल्या कॅडेन्झाविषयी माझं मत वेगळं आहे. कॅडेन्झा म्हणजे एरवी ऑर्केस्ट्रा थांबतो आणि वादक एकटा आपलं कसब दाखवतो ती जागा. एल्गरने इथे उलटं केलं. कसब बाजूला ठेवून व्हायोलिनला मागच्या सगळ्या सुरावटी आठवायला लावल्या आणि साथीला तंतुवाद्यं ठेवली, तीही गजाशिवाय: तीन-चार बोटांच्या मऊ भागाने तारा हलक्या छेडत राहायचं. हे मी एकदा वर्गात लावलं होतं. शाळेतून थेट आलेली एक मुलगी मांडीवर व्हायोलिन आडवं ठेवून रोझिनचा डबा शोधत होती. हात थांबवून तिने विचारलं, ‘‘सर, तानपुरा कोण छेडतंय?’’ मी तेवढाच भाग पुन्हा लावला. दुसऱ्या वेळी मुलं त्या गुंजनात षड्ज शोधायला लागली. तो सापडत नाही, कारण खालची सुरावळ सरकत राहते, पण मुलांचा कान योग्य जागी गेला होता.

या कॅडेन्झात १९३२ चा मेनुहिन अप्रतिम आहे, पण त्याच्याकडे आठवण्यासारखं आयुष्य अजून जमलेलं नव्हतं. १९६५ चा मेनुहिन तिथे थांबतो. एक सुरावट सुरू करतो, अर्ध्यात सोडतो, पुन्हा हातात घेतो. डगमगणारा गज इथे आड येत नाही. श्वास लांबलेला आहे, दोन वाक्यांमधली विश्रांती भरलेली आहे, आणि खांदा खाली आल्याशिवाय असा श्वास गजात उतरत नाही. मला त्यात अय्यंगारांच्या तालमीचा भाग ऐकू येतो. कुणी म्हणेल, हा पुणेकराचा अभिमान बोलतोय. पण मी बार्शीचा आहे, आणि दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावून ही गोष्ट कुणालाही पडताळता येईल.

आणखीही ध्वनिमुद्रणं आहेत. अल्बर्ट सॅमन्सचं १९२९ चं, हेन्री वूडच्या निर्देशनाखालचं, इंग्रजांना अगदी जिवाभावाचं. १९४९ मध्ये यशा हायफेट्झने हाच कन्चेर्टो ४२ मिनिटांच्या आसपास संपवला. बोटं पाहावीत तर त्याचीच, पण कॅडेन्झात तो घाईत वाटतो. मेनुहिनने इंग्लंडमध्ये १९६३ साली काढलेल्या शाळेतला विद्यार्थी नायजेल केनेडी याने १९८४ मध्ये व्हर्नन हँडलीबरोबर केलेलं ध्वनिमुद्रणही आवर्जून ऐकण्याजोगं आहे.

नव्याने ऐकणाऱ्याला मी क्रम असा सांगतो. आधी १९३२ चा दुसरा भाग, सुमारे बारा मिनिटांचा, एकट्याने, हेडफोन लावून. पृष्ठभागाची खरखर पहिल्या मिनिटानंतर कानाआड होते. मग १९६५ ची फक्त कॅडेन्झा. त्यानंतर दोन्ही पूर्ण, वेगवेगळ्या दिवशी. ज्यांच्या हातात व्हायोलिन आहे त्यांनी १९३२ मधला व्हायोलिनचा पहिला प्रवेश आपल्या पट्टीत वाजवून पाहावा आणि कोणत्या दोन स्वरांमध्ये बोट उचललेलं नाही ते वहीत लिहून काढावं. माझे वरच्या वर्गातले विद्यार्थी या पावसाळ्यापासून तेच करत आहेत, आणि त्यांच्या बागेश्रीतल्या मींडा आता सुधारू लागल्या आहेत.