टपावरचे परिमाण

स्पितीला जाण्याचे ठरले आणि जीपच्या टपावर कॅरिअर बसवण्यासाठी आम्ही दुकानात गेलो. दिवे, शिडी, पाण्याची टाकी, तंबू; मन प्रत्येक वस्तूवर जडत होते. गाडीची पुस्तिका मात्र सांगत होती : टपावर ५० किलोच, तेही कॅरिअरचे वजन धरून. पोलादी कॅरिअरच ३० किलोंचे!

आई हसून म्हणाली, “परिग्रह-परिमाण व्रत घेतलेस ना? मग आधी यादी कर.”

अखेर १८ किलोंचे ॲल्युमिनियमचे कॅरिअर घेतले. वर फक्त तंबू व अंथरुणे. पाण्याचे कॅन, अवजारे, शिधा आणि खाकऱ्यांचे डबे गाडीत, तळाशी. टपावरचा भार वाढला की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तिरप्या वाटेवर ती कलंडण्याचे भय वाढते.

ग्राम्फूनंतर वाट खडकाळ झाली. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळते आणि ओढे रस्त्यावरून वाहू लागतात. बातलच्या अलीकडे अशाच एका ओढ्यात चाक धोंड्यावर चढले, गाडी दरीकडे कलली. सर्वांच्या ओठी णमोकार आला. क्षणभर थांबून गाडी सावरली.

४,५०० मीटरांहून उंच कुंझुम खिंड ओलांडून आम्ही लोसरला उतरलो. सूर्यास्तापूर्वी जेवणे झाली. दुकानात सोडून आलेल्या वस्तूंपैकी एकीचीही उणीव भासली नाही. कॅरिअर निवडणाऱ्याने किंमत विचारण्याआधी त्याचे वजन विचारावे.