लंगडणारे पोर

लंगडत आलेले मूल हे आम्हा मुलांची हाडे बघणाऱ्या डॉक्टरांच्या नशिबी आलेले जुने कोडे आहे. काल संध्याकाळपर्यंत जिन्यावरून उड्या मारणारा चार वर्षांचा बंडू सकाळी पाय जमिनीला टेकू देत नाही. आई म्हणते, "पडला असेल". आजी म्हणते, "दृष्ट लागली". आणि वडील घड्याळाकडे बघतात. पुष्कळदा तो सर्दीपडशानंतर खुब्याला आलेला तात्पुरता दाह असतो, आणि आठवड्याभरात बंडू पुन्हा जिन्यावर! पण एखाद्याच्या त्याच खुब्यात पू साचत असतो. पंचाईत ही, की दोघेही सारखेच रडतात.

सांध्यातला पू आणि चामडीवरचे गळू यांत फार फरक आहे. पू सांध्यातली कूर्चा खात सुटतो. खुब्यात तर उखळीत बसलेला हाडाचा गोळा असतो. पुवाचा दाब वाढला की त्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो. लंडनच्या टॉमस स्मिथ यांनी १८७४ मध्ये तान्ह्या मुलांच्या या दुखण्याचे वर्णन केले, तेव्हा प्रश्न जिवाचाच होता. आज पोर बहुधा वाचते. पण दोनचार दिवस 'बघू या' म्हणण्यात गेले, तर पाय जन्मभर आखूड राहू शकतो.

मग ओळखायचे कसे? बॉस्टनच्या डॉ. कोचर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जुने कागद चाळून खुब्यापुरते चार प्रश्न काढले. ताप साडेअडतीस सेल्सिअसच्या, म्हणजे आपल्या १०१ फॅरनहाइटच्या वर आहे का? मूल पायावर भार देते का? ईएसआर चाळीस किंवा जास्त आहे का? पांढऱ्या पेशी बारा हजारांवर आहेत का? चारही लक्षणे जुळली तर त्यांच्या रुग्णांत पू जवळजवळ ठरलेलाच. दोन जुळली तर शंभरांत चाळीस. इतर इस्पितळांत पडताळा घेतला तेव्हा एवढी खात्री मिळाली नाही, हेही सांगायला हवे. पुढे सीआरपीची जोड मिळाली, आणि ती मला फार उपयोगी वाटते. ईएसआर म्हणजे नळीतले रक्त तासाभरात किती खाली बसते ते. बिचारा साध्या सर्दीनेही वाढतो आणि दुखणे सरले तरी रेंगाळतो. सीआरपी लवकर चढतो, लवकर उतरतो.

एक्स-रे चांगला आला की आईबाप सुस्कारा टाकतात. तो टाकू नये. पहिल्या दिवसांत पुष्कळदा त्यात काहीच दिसत नाही. सोनोग्राफीत सांध्यातले पाणी दिसते. पण ते पाणी की पू, हे ती सांगत नाही. ते सांगते सुई. म्हणूनच घरातले उरलेले अँटिबायोटिकचे सिरप परस्पर पाजू नये. मग सुईतून आलेल्या द्रवात जंतू सापडेनासा होतो. त्यातून 'किंगेला' नावाचा एक लबाड जंतू असा, की सहा महिने ते चार वर्षांच्या पोरांना धरतो, ताप बेताचाच आणतो आणि नेहमीच्या काचबशीत उगवायला तयार नसतो. पीसीआर मात्र त्याला काही तासांत पकडते.

तान्ह्या बाळाची तर गोष्टच निराळी. ते लंगडत नाही, कित्येकदा तापतही नाही. फक्त एक पाय निपचित पडतो आणि लंगोट बदलताना ते किंचाळते. माझ्याकडे तीन आठवड्यांचे असे एक बाळ आले. ते पाठवले कोणी? न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी! "वहिनी, कालपर्यंत हा पाय माझ्या पोटात मारत होता, आज हलवीतच नाही. मी नाही बाई याला तेल चोळायची," म्हणून त्या पाटावरून उठल्या. दुपारी सोनोग्राफी झाली, संध्याकाळी सुईतून पू आला आणि रात्री दहाला सांधा उघडून धुतला. एवढी झटपट चिकित्सा पदवीवाल्यांनाही दर वेळी साधत नाही.

महिन्याभराने बाई स्वतः बाळाला बघायला दवाखान्यात आल्या. बाळाने दोन्ही पायांनी त्यांचा पदर लाथाडला. जाताना मला बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, त्या दिवशी तेल लावले नाही ना, म्हणून वहिनींनी माझा खाडा धरलाय!"