चिपळूणचा पाऊस दहिवडीला का पोचत नाही?

लेकीचं सासर चिपळूणला, आणि आमचं घर माणदेशात, दहिवडीला. लग्न ठरलं तेव्हा जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, "पोरीनं नशीब काढलं बाई, पाण्याच्या गावी पडली!" टँकरची वाट बघत हंडे मांडून बसणाऱ्या आम्हां बायकांना याहून मोठं सुख ते काय वाटणार? त्याच पाण्यानं २२ जुलै २०२१ ला पहाटे तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. दिवस वर येईतो ते कमरेच्या वर गेलं, आणि लेक नातवाला कडेवर घेऊन शेजारच्यांच्या माडीवर बसून राहिली. फोन लागत नव्हता. इकडे आमच्या अंगणात मात्र धूळ बसण्यापुरतीही सर नव्हती.

गेल्या श्रावणात तिच्याकडे चार दिवस राहून परत निघाले, तेव्हा ठरवलं, आज झोपायचं नाही. हा पाऊस वाटेत नेमका कुठं थांबतो ते बघायचं.

चिपळूणहून कराडची गाडी पकडली. पोफळी मागं पडली आणि कुंभार्ली घाट लागला. खिडकीची काच सारखी पुसावी लागत होती. डोंगराच्या अंगावरून जागोजागी पाणी कोसळत होतं. आपण वरण शिजत ठेवतो, त्यावरचं झाकण काढून बघा. वाफ थंड झाकणाला लागते आणि थेंब होऊन ठिबकते. घाटात तेच चालतं. फरक एवढाच, की वाफेला गार व्हायला इथं झाकण लागत नाही, नुसतं उंच चढावं लागतं. हजार मीटर वर गेलं की ही ओली हवा पाच-सहा अंशांनी तरी गार होते, आणि गार हवेच्या पोटात वाफ मावत नाही. समुद्रावरून आलेल्या वाऱ्यासमोर सह्याद्री भिंतीसारखा आडवा. बिचाऱ्यानं जायचं कुठं? वर चढायचं आणि रितं व्हायचं.

हा वारा काही जवळचा नव्हे. आफ्रिकेतल्या सोमालियाच्या किनाऱ्याजवळ त्याला जोर चढतो, आणि सगळा अरबी समुद्र ओलांडताना तो वाफ गोळा करत येतो. तिकडे बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचं क्षेत्र झालं, की ते त्याला आणखी ओढून घेतं. अशा दिवसांत कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस नुसता पडत नाही, ठाण मांडून बसतो. २०२१ च्या त्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या दहिवडीला चांगल्या वर्षीसुद्धा अख्ख्या बारा महिन्यांत एवढा होत नाही!

चिपळूणचं दुखणं मात्र नुसत्या पावसाचं नाही. गावाच्या पाठीशी डोंगर, समोर खाडी. डोंगरावरचं पाणी तासा-दोन तासांत वाशिष्ठीत उतरतं. त्याच वेळी खाडीला भरती असली तर नदीचं पाणी पुढं सरकत नाही. मोरी तुंबलेली असताना वरून बादली ओतावी तसं होतं. त्यात नदीत गाळ साठलेला. २००५ च्या जुलैतही गावानं हेच भोगलं होतं. २०२१ नंतर लोकांनी गाळ काढावा म्हणून उपोषणं केली, तेव्हा कुठं कामं सुरू झाली.

"इथून उठा, जरा उंचावर जागा बघा," असं मी जावयांना या खेपेलाही सांगून पाहिलं. ते गप्प राहिले. आजोबांनी बांधलेलं घर, खाली दुकान; उठायचं म्हणजे खायचं काय? लेकीनं आपल्यापुरती तजवीज केली आहे. जूनच्या आधीच धान्याच्या कोठ्या माळ्यावर जातात, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत दारामागं टांगलेली असतात. गॅसचं सिलिंडर ती साखळीनं बांधून ठेवते. रिकामं सिलिंडर पुरात तरंगतं आणि दारं फोडतं, हे ती बघून शिकली.

घाट चढून हेळवाक, मग कोयनानगर. इथं चिपळूणपेक्षाही जास्त पाऊस, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. गंमत बघा, इथून पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात, त्यावर वीज करतात, आणि ते शेवटी वाशिष्ठीलाच मिळतं. सरकारी गणितातही पाणी कोकणातच गेलं, असं माझ्या मनात आलं खरं. पण आमच्या घरी दिवा लागतो, त्यातही ही वीज असणारच. तक्रार कुणाकडे करावी?

पाटणपर्यंत भातखाचरं होती, पाऊस भुरभुरता होता. पुढं उसाचे मळे लागले आणि कराडला रस्ता चक्क कोरडा! डोंगर ओलांडलेला वारा आता खाली उतरतो, उतरताना तापतो, आणि उरलीसुरली वाफ ढग न होताच राहते. डोक्यावरून ढग पळत होते, पण पोकळच. पुसेसावळी, वडूज करत दहिवडीला पोचले तेव्हा बाजरी वाऱ्यानं हलत होती आणि माळावर मेंढरं चरत होती. आमची खरी भिस्त परतीच्या पावसावर, सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या गडगडाटी सरींवर. तो आला तर शाळू पेरायचा. नाही आला तर काय होतं, ते २०१९ च्या उन्हाळ्यात म्हसवडच्या छावणीत गुरांशेजारी राहिलेल्या बायकांना विचारावं.

पिशवीत चिपळूणहून आणलेली साडी होती. चार दिवस घरात दोरीवर टाकूनही ती दमटच राहिली होती, वास येत होता. अंगणात टाकली, हात-पाय धुऊन चहा घेईतो खडखडीत वाळली. तेवढ्यात लेकीचा फोन. "पोचलीस का? इथं पुन्हा धरलाय गं. हे नदीवर बघायला गेलेत. रात्री भरती आहे."

साडीची घडी घालायची राहिली. फोन कानाला लावून मी तशीच ओट्यावर बसले.