गाय नांदेडला, वासरू लातूरला

आमच्या मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. पुण्यामुंबईकडची मंडळी त्यांना गौरी म्हणतात, म्हणोत बापडी. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करायच्या, वर फुलोरा टांगायचा, सोळा भाज्या रांधायच्या आणि पुढं आरास मांडायची. आरशाचं तळं, तळ्यात बदक, काठावर मातीची गाय आणि वासरू. आमच्या आराशीतला वाणी त्याच्या दुकानापेक्षा उंच होता, पण आईनं कधी त्याला खाली बसवलं नाही.

परवा वाचनात आलं, की ही हौस आपलीच नव्हे. इटलीत ग्रेच्चो गावी १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिसनं गव्हाण मांडली, गवत भरलं आणि शेजारी बैल अन् गाढव उभं केलं. तेही जिवंत! आईच्या कानावर हे गेलं नाही, हे आमचं नशीब. गोव्यात ख्रिस्ती घरांतून आजही नाताळात गोठा मांडतात. पुढं १८२२ साली पॅरिसात दागेरनं भल्यामोठ्या रंगीत पडद्यावर उजेड खेळवून देखावा दाखवला, त्याचं नाव डायोरामा. त्याला तिकीट होतं. आई मागं जरीची साडी ताणून, दिव्यांची माळ सोडून तेच करायची आणि बघायला येणारीला वर हळदीकुंकू लावायची.

आई गेली, वाटणी झाली. महालक्ष्म्या थोरल्या दादाकडं लातूरला, खेळण्यांची ट्रंक माझ्याकडं नांदेडला. मी पडलो बी.कॉम., वाटणी पैपर्यंत जुळवली. तरी गाय माझ्या ट्रंकेत आली अन् वासरू दादाच्या कपाटात राहिलं. त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही. त्याच्याकडं महालक्ष्म्या आराशीविना, माझ्याकडं आरास ट्रंकेत बंद.

यंदा बायको म्हणाली, "अहो, त्या इटलीवाल्याचं कवतिक करायलाव, जरा लातूरला जा की!"

एसटीत ट्रंक मांडीवर घेऊन गेलो. वहिनींनी दार उघडलं. दादा पाटावर बसून चमच्यानं तळ्याचा आरसा बसवत होता. काही बोलला नाही. मी गाय काढून काठावर ठेवली. त्यानं उठून कपाटातून वासरू आणलं, गायीजवळ ठेवलं आणि तिच्याकडं बघून म्हणाला,

"कान मोडलास नं शेवटी?"

"तो तूच मोडलास. मी चौथीत होतो."

"बरं बरं. वाणी आणलास का?"